मिनिमम ड्यूचा बडग्या

यंदाच्या मारबतीत गल्लीचा बडग्या आपल्याच तोंडाचा निघणार आहे, ही बातमी भारतीबाईला कोणी द्यावी? तिच्याच मेसमध्ये पाटावर बसून, तिच्याच हातच्या पुरणपोळीवर तूप ओतून घेणाऱ्या प्रज्वलनं!

"काकू, एक गोष्ट सांगू? राग नका मानू," मिहानच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा तो पोरगा खाली मान घालून म्हणाला. "गल्लीतल्या पोट्ट्याहिनं यंदा तुमचा बडग्या बनवला. डोळ्यावर चष्मा हाय, हातात कार्ड हाय. उद्या तुम्हाले जाळून राहिले."

भारतीबाईच्या हातातली तुपाची वाटी जागच्या जागी थांबली. पण ती काही चारचौघांत डोळ्यांना पदर लावणारी बाई नव्हे. "तूप घे अजून," ती म्हणाली, वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि आत गेली. आत जाऊन मात्र तिनं कढईवर झारा असा आपटला, की पोळ्याच्या बैलजोडीला हळदकुंकू वाहणाऱ्या तिच्या सासूबाई, अनुसयाबाई, "काय झालं वं भारती?" म्हणत उठून उभ्या राहिल्या.

ज्यानं नागपूर पाहिलं नाही त्याला हे सांगायलाच हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं मारबत निघते, म्हणजे गावची पीडा सोबत नेणारी बाईच्या रूपातली भलीमोठी मूर्ती, आणि तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे बांबू, कागद, चिंध्या यांचा पुतळा. वर्षभर लोकांना ज्यानं छळलं त्याचा तो करायचा. मच्छर असो, महागाई असो, रस्त्यातले खड्डे असोत. त्याच्या गळ्यात पाटी अडकवायची, ढोलताशे लावून इतवारीच्या बाजारातून मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत" म्हणून घसा फोडायचा आणि शेवटी पेटवून द्यायचा. पीडा गेली! तर आता सांगा, ज्या बाईच्या घरचं जेवून अर्धी गल्ली तृप्त झाली, ती बाई गल्लीची पीडा?

"काहून? मी काहून?" भारतीबाईनं नवऱ्याला विचारलं.

देवराव शाळेची व्हॅन पुसत होते. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. "साहिलचं काम हाय," ते म्हणाले. "रुपरावचा पोट्टा. मी जाऊन मंडळाच्या मोठ्या माणसाहिले सांगतो. उतरवतील ते."

"खबरदार! कोणाच्या पाया पडून मले माझं नाव वाचवायचं नाही."

नाव कशानं बिघडलं ते ऐका. देवरावांचे वडील तांडापेठेत हातमागावर नऊवारी विणत. माग बंद पडला, मागाच्या खोलीत भारतीबाईनं मेस काढली. बाहेरगावची पोरं जेवायला येऊ लागली, मिहानला डबे जाऊ लागले. मग एके दिवशी प्रज्वलनं डोक्यात घातलं, की काकू, तुमचा एवढा खर्च होते, तो क्रेडिट कार्डावर करा, पॉइंट भेटतील. झालं! बाई त्या पॉइंटांच्या अशी मागे लागली, की बँकेवाल्यांनी तिच्यापासून शिकावं.

कळमन्याच्या बाजारातले गहू, तेलाचे डबे, सिलिंडर, विजेचं बिल, जे जे घ्यायचंच होतं ते ती कार्डावर घेई. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा क्यूआरसुद्धा तिनं सोडला नाही, कारण तिचं कार्ड फोनच्या पेमेंटला जोडलेलं होतं. पण जे घ्यायचं नव्हतं ते पॉइंटासाठी एकदाही घेतलं नाही. आणि बिल आलं की पूर्ण भरायचं, शेवटच्या रुपयापर्यंत, तारखेच्या आधी. व्याज नावाचा पैसा तिनं बँकेच्या हाती लागू दिला नाही. सासऱ्यांनी मागावर सुताचं टोक वाया जाऊ दिलं नव्हतं. सून त्याच घरची शोभत होती.

पॉइंट जमले की बँक तिला भुलवायला चित्रं पाठवी. मिक्सर घ्या, सुटकेस घ्या, डिनर सेट घ्या, फुकट! भारतीबाई चष्मा सरकवून ते वाचे आणि खो खो हसे. त्या मिक्सरला जेवढे पॉइंट लागत, तेवढ्यात विमानाचं तिकीट निघे. आणि तोच मिक्सर इतवारीत घासाघीस करून कितीतरी स्वस्तात मिळे. "फुकट म्हणे! मले येडी समजून राहिले," असं म्हणून ती फोन बंद करी. ती पॉइंट विमान कंपनीकडे वळवी. तेही कधी? वळवले तर वर थोडे जास्तीचे मिळतील, अशी बँकेची खास ऑफर निघाली की तेव्हाच. तिकीट काढी तेही गर्दी नसलेल्या दिवसाचं, पुष्कळ आधी. असं करत करत तिनं सासूबाईंना हैदराबादवरून विमानानं तिरुपतीला नेऊन आणलं, खिशातून फक्त कराचे पैसे देऊन. त्यांना पोहोचवायला अर्धी गल्ली दोन टेम्पोंत बसून सोनेगावच्या विमानतळावर गेली होती. अनुसयाबाई परत आल्यावर महिनाभर ढगांबद्दलच बोलत होत्या.

मग भारतीबाईच्या तोंडाला कोण थांबवणार? हळदीकुंकवाला पॉइंट, लग्नाच्या पंगतीत पॉइंट, नळावर पॉइंट. सांगताना तिचा चेहरा असा काही उजळायचा! आणि का उजळू नये? सोन्यानं मढलेल्या बायकांना जे जमलं नाही ते तिनं पोळ्या लाटता लाटता जमवलं होतं.

ते ऐकून समोरच्या पिठाच्या चक्कीवाल्या रुपरावांनीही कार्ड घेतलं. त्यांना आपल्या बायकोला, हर्षाला, विमानात बसवायचं होतं. भारतीबाईनं त्यांना सगळं सांगितलं होतं हो. पॉइंटासाठी सामान घेऊ नका, बिल पूर्ण भरा, चित्रातलं काही मागवू नका. रुपरावांनी मान डोलवली आणि नेमकं तेच सारं केलं. भिंतभर टीव्ही आणला, इन्व्हर्टर आणला, दोन दारांचा फ्रिज आणला. "पॉइंट जमून राहिले, वहिनी!" असं ते रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगत, आणि भारतीबाईला वाटे, वा, शिष्य तयार झाला. बिलाची खबर कोणाला होती? वर्ष सरता सरता व्याजानं त्यांचा गळा धरला. वसुलीचे फोन येऊ लागले. साहिलची नवी मोटरसायकल विकावी लागली. घरात भांडण पेटलं तेव्हा रुपराव एवढंच बोलले, "भारतीवहिनीच्या नादी लागलो अन् बुडलो."

ते वाक्य साहिलनं उचललं, त्याला बांबू बांधले, कागद चिकटवला आणि उभं केलं.

संध्याकाळी बैलांची मिरवणूक आटोपल्यावर भारतीबाई पदर खोचून निघाली. देवराव मागून "अवं, ऐक तर..." करत राहिले. खरं सांगायचं तर तिला रागाइतकीच भीतीही वाटत होती. उद्या हजारो लोकांपुढे ती घरं बुडवणारी बाई म्हणून जळणार होती. राख उडून जाईल, पण नाव चिकटून राहील. म्हातारी होईस्तोवर लोक म्हणतील, हीच ती, जिचा बडग्या निघाला होता. पोळ्या लाटून, पै-पैचा हिशेब चोख ठेवून कमावलेलं नाव होतं ते. दुसरं होतंच काय तिच्याकडे मिरवायला?

मंडळाच्या ओट्यावर ताडपत्रीखाली बडग्या उभा होता. पोरं खळ लावत होती. तिला पाहून सगळ्यांचे हात थांबले. साहिल तेवढा मागे हटला नाही.

भारतीबाईनं स्वतःच ताडपत्री ओढली. बडग्या चांगला दीड माणूस उंच होता. चष्मा, अंबाडा, एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचं विमान. गळ्यात पाटी: 'पॉइंटचा नाद लावणारीले घेऊन जा गे मारबत.' ती खालून वरपर्यंत बघत राहिली. गल्लीतली माणसं हळूहळू ओट्याभोवती जमली. चक्कीच्या दारात रुपराव खांबाला टेकून उभे होते, नजर जमिनीत.

"नाक चुकलं," शेवटी ती म्हणाली. "माझं नाक इतकं बसकं नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहिल हसला नाही. "काकू, तुमी कितीही गोड बोला, आम्ही उतरवणार नाही. आमचं घर बुडालं तुमच्यानं."

"उतरवू नको. पण जाळायच्या आधी आरोपीले बोलू तर देशील? रुपरावभाऊ! या इकडं. माझ्या बाजूनं उभे नका राहू, पण समोर या."

रुपराव आले. कपड्यांवरचं पीठ झटकत, पाय ओढत आले.

"भाऊ, कार्डाच्या बिलावर दोन आकडे राहतात का नाही?"

"हाव."

"एक मोठा, एक लहान. तुमी कोणता भरला?"

रुपरावांनी पोराकडे पाहिलं, मग हर्षाकडे. "लहान," ते म्हणाले. "मिनिमम ड्यू लिहिलं राहते ना. मले वाटलं, आपल्या भिशीसारखा हप्ता हाय. बँकच म्हणून राहिली की कमीत कमी एवढे भरा, तर आपण भरले. एक महिना चुकलो नाही, वहिनी. तारखेच्या आधी भरले."

खळ लावणारा एक पोट्टा खिदळला. भारतीबाई त्याच्यावर अशी उलटली, की त्याच्या हातातला ब्रश खाली पडला.

"हसू नको बे! इमानदारीनं भरून राहिला होता माणूस. उभ्या जन्मात कोणाच्या पिठात चिमूट कमी केली नाही यानं. त्याले वाटलं बँकही आपल्यासारखीच हाय. यात हसण्यासारखं काय हाय?"

पोट्ट्यानं खाली वाकून ब्रश उचलला. रुपरावांनी पहिल्यांदा मान वर केली. वर्षभरात त्यांच्या इमानदारीचं नाव कोणी काढलं नव्हतं, घरातसुद्धा नाही.

"अन् पॉइंटांचं काय केलं, भाऊ?"

"डिनर सेट आणला," ते पुटपुटले. "चित्रातला."

"ब्याजात किती गेले?"

"त्यात पुऱ्या गल्लीले डिनर सेट आला असता."

बायकांमधून "अगं बाप्पा!" असा एक सूर निघाला. भारतीबाई साहिलकडे वळली. "ऐकलं ना रे? आता सांग. डेंग्यूचा बडग्या करता तेव्हा जाळता कोणाले? मच्छराले. मग इथं पीडा कोण हाय? मी, का तो लहान आकडा? तेवढाच भरला की बाकीच्यावर ब्याज चढतच राहते. मी तर पूर्ण बिल भरून सासूले विमानात बसवून आणली. यात लाज वाटावी असं मी काहीच केलं नाही, अन् मी लाजणार बी नाही."

"पण नाद तर तुमीच लावला ना!" साहिलचा आवाज फाटला. "तुमी पंगतीपंगतीत सांगत फिरल्या नसत्या, तर बाबानं कार्ड घेतलंच नसतं. खोटं हाय का हे?"

हे मात्र लागलं. बरोबर काळजात लागलं. तिला आठवलं, रुपराव रस्त्यापलीकडून ओरडत तेव्हा आपण गालातल्या गालात फुगत होतो. बिल भरता का, एवढं विचारायला रस्ता ओलांडला नाही. ती चष्मा सावरून म्हणाली, "खोटं नाही. नाद मी लावला. तर निस्तरायचंही मलेच. बडग्या उद्या निघू दे, पण त्याच्या तोंडावर खऱ्या पीडेचं नाव पाहिजे. मी स्वतः त्याच्या पुढं चालते. लोकांनी विचारलं तर मीच सांगते. अन् तरीही तुले वाटलं की हीच पीडा हाय, तर चौकात माझं नाव घे. मी तिथंच उभी राहीन."

साहिलनं पुतळ्याच्या गळ्यातली पाटी काढून खाली ठेवली. "अन् बाबाचं काय?" त्यानं हळूच विचारलं. "बडग्या जळून जाईन. फोन तर येतच राहतील."

"त्याच्यासाठी उद्याची वाट काहून पाहायची?" असं म्हणून ती तिथंच ओट्यावर रुपरावांना घेऊन बसली. बँकेच्या नंबरवर फोन लावला. गाणी ऐकवून ऐकवून बँकेनं शेवटी माणूस दिला. तिनं त्याच्याशी अशा हिंदीत बोलणी केली, की तो बिचारा 'जी मॅडम' पलीकडे फार बोललाच नाही. थकलेल्या साऱ्या रकमेचे ठरावीक हप्ते पाडून द्या, व्याज कमी लागेल त्या दरानं. कार्ड तोवर बंद. फोन ठेवून ती रुपरावांना म्हणाली, "हे फिटेपर्यंत कार्ड कपाटात. फिटलं की पुन्हा काढा. पण मग त्याच्यावर घरचं किराणा-तेलच घ्यायचं, टीव्ही नाही. हर्षाले विमानात तुमीच बसवसान. अन् दर महिन्याले बिल भरलं का, हे मी चक्कीवर येऊन विचारणार हाय. कंटाळा आला तरी विचारणार."

रुपरावांनी हात जोडले. "हात नका जोडू," ती करवादली, "बांबू धरा. पोट मोठं करायचं हाय याचं."

आणि मग जी धांदल उडाली! अंबाडा गेला, चष्मा गेला. तोंड इवलंसं झालं, त्यावर गोड गोड हसू. पोट मात्र एवढं, की त्यात अख्खी चक्की मावावी. कागद कमी पडला तेव्हा अनुसयाबाईंनी घरातली जुनी वर्तमानपत्रं गठ्ठ्यानं आणून टाकली. साहिलनं नवी पाटी रंगवली: 'मिनिमम ड्यू. हसत हसत येते, घर गिळून जाते. घेऊन जा गे मारबत!' अक्षर त्याचं देखणं होतं, हे भारतीबाईनंही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंच्या गच्च्या माणसांनी भरलेल्या, ताशांच्या आवाजात आपलाच शब्द आपल्याला ऐकू येत नव्हता. खड्ड्यांचा बडग्या गेला, पेपरफुटीचा गेला. मागून तांडापेठेचा आला, ढेरपोट्या, गोड हसणारा. लोक पाटी वाचत आणि एकमेकांना विचारत, "हे कोणतं नवं भूत हाय बे?"

बडग्याच्या पुढे भारतीबाई चालत होती, ठेवणीतली नऊवारी नेसून, सासऱ्यांनी स्वतः विणलेली. तिच्या बाजूला रुपराव. चौकात गर्दी थांबली तेव्हा एका फळवाल्यानं तोच प्रश्न तिला विचारला. ती सांगायला तोंड उघडणार, तोच रुपराव पुढे झाले. आयुष्यात चक्कीच्या आवाजापलीकडे ज्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता, ते हातगाडीवर चढले आणि ओरडले, "मी सांगतो! मी भरत होतो हे! फक्त एवढंच भरायचं असते समजून! पोराची गाडी विकली मी याच्यापायी!"

भारतीबाईच्या अंगावर काटा आला. नागपूरचा माणूस दहा हजारांच्या गर्दीत आपली चूक सांगतो, यासाठी किती मोठी छाती लागते! पोरांनी एकच गजर केला, "घेऊन जा गे मारबत!"

आणि मग कोणालाच वाटलं नव्हतं ते घडलं. फळवाला हसला नाही. तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "बाई, मी बी तेवढेच भरून राहिलो." त्याच्या मागून एक पोरगी आली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मग एक रिटायर मास्तर. मग एक जोडपं, आधी बायको आली, नवऱ्याला ओढत. बडग्या पुढे सरकत होता आणि त्याच्याबरोबर भारतीबाईभोवतीचा घोळकाही. कोणाला मोठा आकडा म्हणजे काय ते हवं होतं, कोणाला बँकेशी काय बोलायचं ते. ती चालता चालता सांगत होती, घसा बसला तरी सांगत होती. "नवीन काही घेऊ नका. पहिले हे फेडा. मिक्सर? मिक्सर नाही घ्यायचा हो पॉइंटवर, किती वेळा सांगू!"

घोळक्यात शिरता न आलेल्या एका पाहुण्यानं, पारशिवनीहून मारबत पाहायला आलेल्या, साहिलच्या खांद्याला हात लावला. "कोण्या बँकेच्या मोठ्या मॅडम हायेत का गा त्या?"

साहिलनं बडग्याचा बांबू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. घामानं निथळत होता पोरगा. ताशांच्या वर आवाज काढून तो ओरडला, इतक्या जोरात की समोरच्या गच्चीवरच्यांनीही वळून पाहिलं.

"बँकेच्या काहून राहतील? आमच्या हायेत त्या! आमच्या तांडापेठेच्या! भारतीकाकू!"

भारतीबाईनं ते ऐकलं. सासूला विमानात बसवलं त्या दिवशीसुद्धा तिला एवढा अभिमान वाटला नव्हता. डोळे भरले, भर इतवारीत भरले, आणि तिनं ते पुसायची घाई केली नाही. मास्तर पुढचा प्रश्न विचारत होते, तिनं त्यांच्याकडे वळून पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.